आज खानावळीत वाट्या भाषणाला वाजल्या

मंडळी, माझ्या खानावळीत गोड असलं की कॉलेजची पोरं चमच्यानं वाट्या वाजवतात. आज दुपारी वाजवल्या त्या टीव्हीवरच्या पुढाऱ्याला. "युद्धाला आम्ही तयार आहोत!" म्हणताच शिट्ट्या. "काका, आवाज वाढवा की!"

सगळ्यांत जोरात वाजवत होती वैरागची पूजा. मधेच ती फोन घेऊन बेसिनपाशी गेली. माझे कान तिखट. "आई, दादाचा फोन आला का गं? न्हाय? कालपासनं न्हाय?"

तिचा दादा सीमेवर आहे.

ती परत येऊन ताटापुढं नुसती बसली. मैत्रीण म्हणाली, "वाजव की गं!" पूजानं चमचा उचलला.

रिमोट माझ्या हातातच होता, पण पोरं काय म्हणतील या भीतीनं टीव्ही बंद केला नाही.

तुम्ही केला असता?