आ बुईसाठी लावलेला नंबर

च्युआ तिओंग हुआट यांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे रांग. देवळात गेले तरी आधी कुठल्या मूर्तीपुढे जास्त माणसं आहेत हे बघायचे आणि मगच उदबत्ती पेटवायचे. दोन डॉक्टरांचे दवाखाने शेजारी शेजारी असले, तर ज्याच्या दारात जास्त लोक खोकत बसलेत तिथे जायचे. एवढ्या लोकांना खोकला त्याच दवाखान्यातून लागत असेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, त्यांचा माशाच्या गोळ्यांच्या नूडल्सचा गाळा होता आणि आयुष्य त्या गाळ्यात गेलं. ते नूडल्स उकडायचे, बायको वाडगी भरायची, समोर रांग. रांग आहे तोवर गाळा बंद करायचा नाही, हा नियम. पुढे बायको गेली, मग गुडघेही गेले, तेव्हा गाळा दुसऱ्याला देऊन हुआटकाका लेकीकडे राहायला आले. आल्यापासून त्यांना काम म्हणून नव्हतं. सकाळी खाली जाऊन कॉफी प्यायची, दुसऱ्यांच्या गाळ्यांपुढच्या रांगा बघायच्या आणि घरी येऊन त्याचा अहवाल द्यायचा. अहवाल कोणी मागितलेला नसायचा.

लेक पेई शान विमा कंपनीत होती. जावई वेन जिए विमानतळावर पाळीत काम करायचा आणि घरी असला की झोपलेला असायचा. नातू सहा महिन्यांचा. त्याला कागदोपत्री एक भारदस्त नाव होतं, पण घरात त्याला सगळे आ बुई, म्हणजे जाड्या, म्हणायचे. लहान लेकराला चांगल्या नावाने हाका मारून दृष्ट कोण लावून घेईल?

पेई शानची रजा संपत आली होती आणि आ बुईला ठेवायचं कुठे हे ठरत नव्हतं. वेन जिएच्या आईने मात्र ठरवून टाकलं होतं. ती पुलापलीकडे, मलेशियात कुलाईला राहायची. तिने पाळणा आणून मांडलाही होता. सोमवारी पहाटे पोराला सोडा, शुक्रवारी रात्री घेऊन जा, एवढं साधं आहे, असं ती रोज फोनवर सांगायची.

"आईचं काही चूक नाही," वेन जिए जेवताना म्हणाला. "माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची मुलं अशीच वाढली."

"मला शनिवार-रविवारचं पोर नकोय," पेई शान म्हणाली.

एवढंच म्हणाली. हुआटकाकांनी मान खाली घातली आणि वाडग्यातला मासा चॉपस्टिकने उगाच उलटा केला, मग सुलटा केला.

कारण पेई शान स्वतः तशीच वाढली होती. गाळा पहाटे उघडायचा, रात्री बंद व्हायचा. त्यात तान्ही पोर कुठे ठेवणार? मग पलीकडच्या वसाहतीतल्या गेओकमावशींकडे ठेवली. सोमवारी गाळ्याला सुट्टी, म्हणून रविवारी संध्याकाळी तिला घरी आणायचं आणि मंगळवारी पहाटे, झोपेतच, परत पोचवायचं. शाळेत जायची होईपर्यंत असंच चाललं. आणि रविवारी संध्याकाळीच रांग सगळ्यांत मोठी असायची. पोर चार वाजल्यापासून बूट घालून मावशींच्या जाळीच्या दाराबाहेर बसायची. हुआटकाका कधी आठला पोचायचे, कधी नऊला, आणि दारात उभं राहून म्हणायचे, "रांग मोठी होती." ती एकदाही रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं.

आता घरात एक हिंडता-फिरता म्हातारा दिवसभर रिकामा बसलाय, हे कोणाला दिसत नव्हतं असं नाही. पण पेई शान बोलत नव्हती. आणि 'मी सांभाळतो' हे वाक्य हुआटकाकांच्या जिभेवर रोज यायचं आणि रोज परत जायचं. स्वतःची पोर दुसऱ्याच्या दारात ठेवणाऱ्याने तिचं पोर कोणत्या तोंडाने मागायचं? त्यापेक्षा बालवाडी बघायला मदत केलेली बरी.

पहिली बालवाडी मॉलमध्ये होती. तिथे आत जाताना मोज्यांवर मोजे घालायला लावले. चकचकीत बाईंनी सांगितलं, की त्यांच्या पाळणाघरात बाळ सहा महिन्यांपासून संगीत, विज्ञान आणि नेतृत्व शिकतं.

"खातं काय?" हुआटकाकांनी विचारलं.

"संतुलित आहार, अंकल. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही."

"मला थोडं चाखायला द्या."

बाईंनी पेई शानकडे पाहिलं. पेई शानने छताकडे पाहिलं. शेवटी एका छोट्या वाटीत हिरवं काहीतरी आलं. हुआटकाकांनी ते जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि वाटी परत केली.

"नेतृत्व करील," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी सगळ्या पोरांना घेऊन पळून जाईल."

दुसरी घराजवळच होती. स्वच्छ होती, बायका प्रेमळ वाटत होत्या, फी परवडत होती. हुआटकाका दारातूनच मागे फिरले.

"आता काय झालं?" वेन जिएने विचारलं. तो रात्रपाळी करून आला होता आणि उभ्या उभ्या झोपत होता.

"रांग कुठाय?"

"बाबा, दुपारचे तीन वाजलेत."

"चांगल्या ठिकाणी तीनलाही असते."

तिसरी होती सिमबाईंची. जुन्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर एका टोकाला तिच्या खोल्या होत्या. रंग उडालेला, दारात लहान लहान चपलांचा ढीग. हुआटकाका आठवडाभर रोज संध्याकाळी समोरच्या बाकावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळते ती कॉफी घेऊन बसले, आणि त्यांना हवं ते दिसलं. न्यायला येणाऱ्यांची रांग पार जिन्यापर्यंत जायची. कारण सिमबाई स्वतः दारात उभ्या राहायच्या आणि एकेक पोर हातात देताना ते आज काय खाल्लं, किती झोपलं, कोणाचे केस ओढले हे सगळं सविस्तर सांगायच्या. मागचे लोक घड्याळ बघायचे, पण रांग सोडून कोणी जात नव्हतं.

"हीच," हुआटकाकांनी घरी येऊन जाहीर केलं. या वेळी पेई शाननेही मान हलवली. तिने आत जाऊन पाहिलं होतं. तान्ह्यांच्या खोलीतल्या बाईने आ बुईला घेतलं, तेव्हा आधी हात धुतले आणि मग त्याची परवानगी मागितली. पेई शानला तिथेच ते ठिकाण आवडलं होतं.

अडचण एकच. तान्ह्यांच्या खोलीत एकच जागा रिकामी होत होती, आणि सिमबाईंचा कारभार जुन्या वळणाचा. ऑनलाइन वगैरे काही नाही. शनिवारी सकाळी आठला दार उघडेल, पहिला येईल त्याला जागा.

शनिवारी आ बुईला ताप होता. वेन जिए कामावर. पेई शानने आदल्या रात्रीच जन्मदाखल्याची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून वडिलांच्या हातात दिली.

"बाबा, रांगेतलं तुम्हाला मी काय सांगणार?" ती म्हणाली. "पण लवकर जा. ही जागा गेली तर कुलाईशिवाय काही उरत नाही."

हुआटकाका उजाडायच्या आत पोचले, आणि पाहतात तर त्यांच्याही आधी जिन्यापाशी, रोज संध्याकाळी जिथे रांगेचं शेपूट असायचं तिथेच, रांग लागलेली. माणसं थोडी, वस्तू जास्त. एक प्लास्टिकचं स्टूल, एक छत्री, टिश्यूची पाकिटं, एक चप्पल. आपापली वस्तू ठेवून मालक कॉफीला गेलेले. हुआटकाकांनी वस्तू मोजल्या. एक जागा आणि एवढे लोक? पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी खिशातलं टिश्यूचं पाकीट शेवटच्या चपलेमागे ठेवलं आणि त्याच्याशेजारी स्वतःही उभे राहिले, कारण आज त्यांचा टिश्यूवर भरवसा नव्हता.

हळूहळू मालक परतले. सगळे म्हातारे. त्यात हुआटकाकांना काहीच वावगं वाटलं नाही. नातवंडांसाठी नंबर लावायला आजी-आजोबांनाच तर पाठवतात. समोरच्या आजीला त्यांनी विचारलं, "सरकतेय का?"

"आठनंतर सरकेल," आजी म्हणाल्या.

आठ म्हणजे बरोबरच. रांग कशाची आहे हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारायचं नसतंच. विचारलं की आपण उगाच उभे आहोत हे चारचौघांत उघड होतं. पलीकडे, तळमजल्याच्या दुसऱ्या टोकाला, पायरीवर दोन तरुण जोडपी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. हुआटकाकांनी त्यांच्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. आजकालच्या पोरांना रांगसुद्धा धड लावता येत नाही.

आठला रांग खरंच सरकली. नऊच्या सुमारास हुआटकाका कोपऱ्यावरून वळले आणि समोर टेबल दिसलं. टेबलामागे देवळाच्या मंडळाची पिवळ्या बनियनमधली पोरं होती आणि त्यांच्यामागे तांदळाच्या पिशव्यांची भिंत. साठीच्या वरच्यांना एक पिशवी आणि दोन संत्री.

त्यांनी मागे वळून पाहिलं. पायरीवर आता कोणी नव्हतं. सिमबाई जागा देऊन दाराला कडी घालत होत्या.

"अंकल, हात पुढे करा," पिवळ्या बनियनवाला म्हणाला. हुआटकाकांनी हात पुढे केला. दुसरं काय करणार होते?

घरी पेई शान दारातच उभी होती. आ बुई तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. हुआटकाकांनी पिशवी खाली ठेवली, वर संत्री ठेवली, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"रांग मोठी होती."

पेई शानने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीवरच्या देवळाच्या शिक्क्याकडे. तिने आ बुईला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. 

"तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"काय?"

"आख्खा जन्म तुम्ही रांगा बघण्यात घालवलात, बाबा. लांबून बघून सांगता कुठल्या रांगेत कोण कशाला उभं आहे. तुम्हाला तांदळाची रांग कळली नाही? शेंबड्या पोराला सांगा हे." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरत चालला होता. "त्याला घरी ठेवायचं मनात होतं, तर तोंडाने सांगायचं. मी महिनाभर वाट बघतेय, तुम्ही आज म्हणाल, उद्या म्हणाल. माझ्या वेळीही बघायचे. दर मंगळवारी पहाटे मी झोपलेली नसायचे, बाबा. डोळे मिटून पडलेली असायचे. वाटायचं, आज तरी म्हणतील, राहू दे हिला घरी."

हुआटकाकांनी घसरलेलं संत्रं पिशवीवर नीट ठेवलं. खरं सांगायचं तर त्यांच्या हातून नुसता गाढवपणा झाला होता. पण खरं सांगितलं तर उरतं काय? एक मूर्ख म्हातारा आणि कुलाईचा पाळणा. आणि पोर जे ऐकायला एवढी वर्षं थांबली होती, ते आज म्हटलं नाही तर मग कधीच म्हणायला नको.

"हो," ते म्हणाले. "मुद्दाम केलं. राहू दे त्याला घरी. मी सांभाळतो."

पेई शानने आ बुईला त्यांच्या हातात दिलं आणि ती संत्री उचलून आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. दोन संत्री धुवायला एवढं पाणी लागत नाही.

कुलाईच्या विहीणबाईंनी फोनवर जे काही म्हटलं, ते वेन जिएने कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी पेई शान कामावर गेली. हुआटकाकांनी देवळाचे तांदूळ निवडले, गुरगुट्या भात शिजवला, आधी स्वतः चाखला आणि मग आ बुईला भरवला. आ बुईने निम्मा खाल्ला, निम्मा त्यांच्या बनियनला दिला.

"तुला म्हणून सांगतो," हुआटकाका त्याचं तोंड पुसत म्हणाले. "मला खरंच वाटलं होतं ती बालवाडीचीच रांग आहे. आईला सांगू नकोस."

आ बुईने सांगितलं नाही.

संध्याकाळी पाचलाच त्यांनी त्याला मोजे चढवले, स्वतः बूट घातले आणि दाराबाहेर, लिफ्टसमोर, स्टूल टाकून ते त्याला मांडीवर घेऊन बसले. पेई शान सहाला यायची होती. सहा वाजले, साडेसहा झाले. शेजारचे आले, गेले. सात वाजून गेल्यावर लिफ्ट उघडली आणि ती धावतच बाहेर आली. एका खांद्यावरून पर्स घसरलेली, केस विस्कटलेले.

"बसला एवढी रांग–" तिने सुरुवात केली, आणि तिचं तिनेच ऐकलं. ती तिथेच थांबली. तिने वडिलांच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं, मग आ बुईच्या मोज्यांकडे.

"असू दे," हुआटकाका म्हणाले. त्यांचे दोन्ही पाय बधिर झाले होते. "आम्ही आत्ताच येऊन बसलोय."