खोक्याच्या मागची हकिकत

माझे यजमान फौजेत होते. लग्नानंतर सतरा वर्षं ते देशाच्या त्या टोकाला आणि मी इथं कराडजवळ मलकापुरात, शाळेवर. एका सुट्टीत ते आले ते ट्रंकेतून वीतभर उंचीचा एक बाहुला घेऊन. पारदर्शक खोक्यात उभा, डोक्यावर राखाडी हेल्मेट, हातात कसलीशी बंदूक.

सासूबाई म्हणाल्या, "ह्या वयात बाव्हलं आणलंस व्हय रं?"

ते हसले. मग मला म्हणाले, "अगं, अंतराळातल्या लढाईचा पिक्चर हाय. युनिटमध्ये दाखवला हुता. ह्यो त्यातला पहारेकरी. दार उघडतो, बाजूला सरतो आणि मरतो. त्याचं नावसुदिक कोण घेत न्हाई."

"मग ह्योच कशाला आणला? त्यातला हिरो न्हाई मिळाला?"

"मागं वाच की."

खोक्याच्या मागे बारीक इंग्रजी मजकूर होता. मी मराठीत सांगत गेले. पहारेकऱ्याला नाव होतं, त्याचा ग्रह होता. वैमानिकाच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. आई खाणीत कामाला होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती.

आमच्या वन्संच्या लग्नाला यांनाही रजा मिळाली नव्हती. तो विषय घरात कुणी काढत नसे.

"दोन सेकंद दिसतो गडी," ते म्हणाले, "आणि कुणीतरी एवढं सगळं लिहून ठिवलंय."

ते परत ड्युटीवर गेले आणि घरी पार्सलं यायला लागली. मोबाईलवरून मागवायचे ते, पत्ता मलकापूरचा. सगळी अशीच माणसं. गर्दीत मागे उभा असलेला, यंत्राला तेल घालणारा, ताट घेऊन जाणारी. शाळा सुटल्यावर संध्याकाळी फोन यायचा. "आला का नवा? वाच." मी वाचायची. पलीकडे वारा ऐकू यायचा आणि मधूनच त्यांचा हुंकार.

एकदा एका खोक्यावर काहीच नव्हतं. लहान मुलांच्या हाती देऊ नये, एवढीच सूचना. पलीकडे ते थांबले होते. मला नाही म्हणवेना. माझं माहेर दुष्काळी भागातलं, म्हसवडचं. मी सांगितलं, हा मेकॅनिक कोरड्या ग्रहावरचा आहे. चैत लागला की तिथल्या विहिरी आटतात. याचा बाप मेंढरं घेऊन लांब जातो आणि परत आल्यावर आठ दिवस कुणाशी बोलत नाही.

"आणि त्याची बायकू?"

"ती घरीच असते. वाट बघत नाही, असं लोकांना दाखवते."

मग ते म्हणाले, "लय शाणी हाय."

त्यानंतर मी खोक्यावर असलेलं थोडं आणि नसलेलं पुष्कळ सांगू लागले. त्यांना कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी ते पेन्शनवर आले. कडेगावला आमचा ऊस आहे. सकाळी गाडीवर जातात, दिवेलागणीला परततात, जेवतात, बातम्या बघतात. चांगले आहेत. माझ्या आधी उठून चहा ठेवतात. पण बोलत नाहीत. एक नवा बाहुला आला तेव्हा मी समोर बसून वाचायला लागले. त्यांनी "बरं" म्हटलं आणि ताक मागितलं. फोनवरचा माणूस मला हवा होता. माणूस शेजारी जेवत असताना त्याचीच आठवण येते, हे कुणाला सांगायचं?

मग आमचं प्रशिक्षण लागलं, सांगलीला, पाच दिवसांचं. लॉजवर उतरले. पहिल्या संध्याकाळी पोचल्याचं कळवायला फोन केला.

"आवं, जेवलात का?"

"जेवलो. पार्सल आलंय. जहाजावरचा आचारी हाय. वाचू का?"

त्यांचं इंग्रजी अडखळत चालतं. आचाऱ्याचा एक कान भाजलेला होता. का भाजला, कुणाला वाचवताना भाजला, नंतर त्यानं घरी काय कळवलं, ते सगळं यांनी सांगितलं. खोक्याची मागची बाजू तळहाताएवढी असते. ते पाऊण तास वाचत होते. मी मधे बोलले नाही.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही तसंच. आचारी कुठल्या कुठे पोचला होता.

शुक्रवारी दुपारी दोनलाच आम्हाला सोडलं. बरोबरच्या बाई म्हणाल्या, "चला की, कराडच्या गाडीत जागा धरते."

"तुम्ही व्हा पुढं. माझं थोडं काम आहे."

काम काहीच नव्हतं. खोली आणखी एका दिवसासाठी ठेवून घेतली, गणपती मंदिरापर्यंत चालत जाऊन आले आणि दिवेलागणीची वाट बघत बसले. फोन त्यांचाच आला.

"अगं, आज येणार हुतीस न्हवं?"

"उद्या येते."

पलीकडे बातम्यांचा आवाज बंद झाला. रागावले की काय, असं मला वाटून गेलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "कालचं अर्धं ऱ्हायलंय."

मी खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली.