क्लचमास्तरांचा डावा हात

मोटरसायकल शिकवणाऱ्या या माणसाचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. बंद कारखान्यामागच्या सिमेंटच्या मैदानावर तेवीस वर्षं "क्लच, क्लच" करून त्यांनी घसा बसवून घेतला, म्हणून सगळे त्यांना क्लचमास्तर म्हणत. आता घशामागोमाग कंबरही गेली होती. पण सकाळी सातला मैदानावर हजर राहायचं काही चुकत नव्हतं.

शिकवण्याची रीत जगावेगळी. पहिले तीन दिवस इंजिन सुरूच करायचं नाही, नुसती गाडी ढकलत मैदानाला फेऱ्या मारायच्या. वजन कळलं की निम्मी भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. हेल्मेट गालांना घट्ट बसणारं घ्यायचं आणि घरी अर्धा तास घालून वावरायचं. कपाळाला कुठे टोचलं तर दुकानदाराला परत. हातमोजे नसतील तर शिकवणी नाही. "पडताना माणूस आधी हात टेकतो," ते बजावत. चेन, टायरची हवा, ब्रेक हे सगळं रोज स्वतः बघत. आपल्या गाडीला मेकॅनिकचाही हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि पुढे घोडं पेंड खाऊ लागलं ते इथेच.

त्या महिन्यात एक नर्सबाई शिकायला आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, सतरा वर्षं रात्रपाळी करून पार पिचलेल्या. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची दिवसाची जागा निघाली होती. अट एकच, मोटरसायकलचा परवाना हवा. चाचणी गुरुवारी होती.

"पास झाले तर रात्री झोपेन, मास्तर," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "दुसरं काही मागणं नाही."

बाई मन लावून शिकत. हेल्मेट घालून त्यांनी घरची भांडी घासली, तेव्हा बाहेरून आलेला नवरा उंबऱ्यातच थबकला. गाडी ढकलण्यातही त्या तयार झाल्या. पण इंजिन सुरू झालं की सगळं बिनसायचं. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून जागच्या जागी उभं राहायचं, एवढंच काम. गाडी मात्र मुंगीच्या पावलांनी पुढे सरके, बाई गडबडत आणि इंजिन बंद पडे. मंगळवारी गाडी आडवीच झाली. मोज्याचा तळवा फाटला, हात वाचला.

"क्लच पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलाय हो."

"नाचता येईना अंगण वाकडं."

बुधवारीही तेच झालं, तेव्हा मास्तर तोडून बोलले. "बाई, गाडी सगळ्यांच्या हातात नसते. रात्रपाळी काही वाईट नाही."

बाईंनी फाटका मोजा काढून पिशवीत ठेवला आणि त्या निघून गेल्या. त्यांना अजून रात्रभर जागायचं होतं.

संध्याकाळी मास्तर टॉवेल पिळायला गेले, तो डाव्या हातातून निसटला. बायकोनं तो उचलून पिळला आणि दोरीवर टाकला. चार महिने ती हेच करत होती. डब्यांची झाकणं, नळ, शर्टाचं वरचं बटण. त्यावर घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

"तेवढा गाडीचा क्लच तरी हलका केलात, बरं केलंत," ती सहज म्हणाली.

तेव्हा कुठे मास्तरांना आठवलं. हात दुखतो म्हणून त्यांनीच क्लचची केबल थोडी सैल केली होती. मग आणखी थोडी. लिव्हर हलका झाला खरा, पण केबल इतकी सैल असली की लिव्हर पुरता दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, इंजिन चाकाला ओढतच राहतं. हे ते तेवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले होते. स्वतः चालवताना ते गाडी ब्रेकवर धरत आणि थांबायच्या आधीच न्यूट्रल करत. ही चलाखी इतकी अंगवळणी पडली होती की चलाखी आहे हेच विसरले होते. नव्या माणसाला ती कुठून यावी? बाईंच्या आधी दोघं शिकवणी सोडून गेले होते. त्यांनाही मास्तरांनी गाडी सगळ्यांच्या हातात नसते, हेच ऐकवलं होतं.

त्यांनी बाईंना फोन लावला. "सकाळी या. चूक माझी आहे."

सकाळी बाई पाळी संपवून तशाच आल्या. मास्तरांनी पाना घेऊन त्यांच्यासमोर केबल ताणली आणि लिव्हर दाबून बघितला. तो अर्ध्यावर आला आणि पुढे जाईना. बाई बघत होत्या. त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली.

"ही दाबा."

मास्तरांनी जीव एकवटून दाबली.

"दाबा ना, मास्तर."

"दाबतोय."

बाईंनी बोटं काढून घेतली. "डॉक्टरांना दाखवा. आजच. आणि तोवर गाडी चालवायची नाही."

"मग मी करू काय?"

बाईंनी हेल्मेट घातलं, क्लच दाबला, गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. अकरा वाजता जवळच्याच आरटीओत, मास्तरांच्या देखत, डोळ्यांवर झापड असतानाही त्या पास झाल्या.

गाडी परत न्यायची वेळ आली. मास्तरांचा हात सवयीनं किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बसा मागे," बाई म्हणाल्या. "दवाखाना वाटेवरच आहे."

तेवीस वर्षांत ते आपल्या गाडीवर मागे बसले नव्हते. पाय कुठे ठेवायचे हेही बाईंनाच दाखवावं लागलं. चौकात सिग्नल लागला तशी बाईंनी गाडी अलगद थांबवली आणि एक पाय टेकला. असं चांगलं थांबलेलं कुणी मास्तरांनी फार दिवसांत बघितलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि रडूही आलं. हेल्मेटची काच खाली होती, म्हणून निभावलं.