दाक्षायणीची गाठ कुणी फोडली?

छातीत गाठ लागली तेव्हा दाक्षायणीनं ती कुणालाच सांगितली नाही. कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी उरकून दुपारी तिनं मोबाईलवर लक्षणं वाचली आणि वाचलेलं लगेच पुसून टाकलं.

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता नवरा, शरणप्पा, म्हणाला, "माझ्या मोबाईलवर सारख्या छातीच्या तपासणीच्या जाहिराती येत्यात. तुला काय हुतंय का गं?"

"मला काय धाड भरलीया!" ती म्हणाली खरी, पण लगेच तिला आठवलं. परवा थोरली जाऊ निंगव्वा लेकीशी बोलायला तिचा फोन घेऊन गेली होती. पुसताना काहीतरी राहिलं असणार, तिनंच बघितलं, तिनंच ह्यांच्या कानावर घातलं, आणि हे जाहिरातीचं निमित्त करतायत! त्या दिवसापासून दाक्षायणीनं जावेशी बोलणं टाकलं.

मग तिच्याही फोनवर तेच सुरू झालं. साधी चटणीची कृती उघडली तरी शेजारी तपासणीची जाहिरात. घाबरून तिनं मोबाईल दुरुस्त करणाऱ्या विरेशचं दुकान गाठलं.

"मी तर सगळं पुसलंय की!"

"मावशी, तुमी तुमच्याकडचं पुसलं. वेबसाइटनं तिच्याकडं नोंदवलेलं कोण पुसणार? घरात वायफाय एकच हाय न्हवं? मग काकांच्या फोनवर पण तेच दाखवत असतील."

त्यानं फोनमधल्या बऱ्याच परवानग्या काढल्या, माग काढणं अडवणारं ॲप टाकलं. तर निम्मी पानं उघडेनात. 'स्वीकारा' म्हटल्याशिवाय पुढं जाऊच देईनात.

"आता पुरतं थांबंल का?"

"कमी व्हईल, मावशी. पुरतं न्हाय."

घरी येऊन ती थेट निंगव्वापुढं बसली. "अक्का, मी उगाच तुमच्यावर आळ घेतला," म्हणत तिनं सगळं सांगितलं.

"येडे," निंगव्वानं तिचा हात धरला, "गाठ दाखवायची सोडून माझ्यावर रुसण्यात इतके दिस घालवलेस व्हय?"

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. खिडकीतल्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला.

"कशाला?" दाक्षायणीनं लगेच विचारलं.

"रिपोर्ट पाठवायला."

"नको. रिपोर्ट न्यायला मीच येते."

चार दिवसांनी ती आणायला गेली. गाठ साधी निघाली, भिण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी तिनं शरणप्पाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. 

"त्या जाहिरातवाल्यांना आधी कळलं," तो म्हणाला, "आणि मला आत्ता."