साडूभाऊ टेकले ते बेट

आयर्लंडमध्ये असा एकही रस्ता शिल्लक नाही, ज्याच्या टोकाला उभं राहून माझे साडू "बाप्पा, इथे तर काहीच नाही!" असं आनंदाने ओरडलेले नाहीत. काहीतरी असलेल्या ठिकाणांबद्दल त्यांना फारसं प्रेम नाही. तिथे लोक असतात, पार्किंग असतं आणि मुख्य म्हणजे पोहोचल्यावर थांबावं लागतं. साडूंना पोहोचायला आवडत नाही, निघायला आवडतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे नागपूरचे, इथल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, आणि राहायला डब्लिनजवळ डून लेरीला, अगदी समुद्राच्या तोंडावर. मी पुण्याचा. बॉल्सब्रिजच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, घरी आल्यावर सोफ्यावर बसतो, आणि या दोन बसण्यांच्या मध्ये डार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, गाडीत बसायला मिळालं नाही तर दिवस वाया गेला असं समजतो. अशा दोन माणसांना आपल्या दोन मुली देणाऱ्या आमच्या सासऱ्यांच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार आहे.

साडूंना बसलेलं फार थोड्यांनी पाहिलंय. चहा ते खिडकीपाशी उभ्याने पितात. जेवायला खुर्चीच्या अगदी कडेवर टेकतात, जणू खुर्ची रिक्षा आहे आणि मीटर पळतंय. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, सांगते की लग्नात भटजींनी मंत्रांपेक्षा "बसा, यजमान, बसा" हेच जास्त वेळा म्हटलं होतं. गाडी चालवताना तरी हा माणूस बसून असेल, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण इथे रस्त्याच्या कडेला तपकिरी पाट्या असतात. अमुक पडका किल्ला, तमुक पवित्र विहीर, बाण डावीकडे. त्या पाट्या इतर सगळे लोक वाचून सोडून देतात. साडूंची गाडी मात्र आपोआप बाणाच्या दिशेला वळते.

एका गणेशचतुर्थीला आम्ही दोघं सँट्रीला एकांकडून मूर्ती आणायला गेलो होतो. येताना मूर्ती माझ्या मांडीवर, वरून माझ्याच सीटबेल्टचा वेढा. घरी आरतीची मंडळी खोळंबलेली. आणि साडूंना पाटी दिसली. पवित्र विहीर! "पाचच मिनिटं रे," म्हणत ते एका शेताचं फाटक ओलांडून दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने शेताचा मालक आला, काचेतून आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मांडीकडे बघत राहिला. इथे कुणाही तिऱ्हाइताला 'युवर मॅन' म्हणतात. त्याने अगदी अदबीने विचारलं, "अँड हूज युवर मॅन?" मी म्हटलं, "गॉड." त्याने क्षणभर विचार केला. "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', म्हणाला, आणि साडूंना शोधायला गेला. दोघं परतले तेव्हा साडूंचे बूट घोट्यापर्यंत चिखलात होते आणि चेहऱ्यावर तेज होतं. "विहीर बुजली आहे कधीचीच!" ते म्हणाले. "काहीच नाही तिथे!"

अशा माणसाच्या घरात एका वसंतात अबोला शिरला. साडूंची एकुलती एक लेक ईरा हिला ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरी लागली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. इथली अर्धी तरुण पोरं कधी ना कधी ऑस्ट्रेलियाला जातातच, त्यामुळे तिच्या मैत्रिणींना त्यात काही विशेष वाटलं नाही. साडूंना वाटलं. "इथे काय कमी आहे?" एवढं त्यांनी विचारलं. ईराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती अस्सल डब्लिनच्या इंग्रजीत देते. ती म्हणाली, "डॅड, तुम्ही नागपूरहून का निघालात?" तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. घरात जो माणूस दोन घटका थांबत नाही, तो लेकीला 'इथेच थांब' म्हणतोय, यातली गंमत आम्हा सगळ्यांना कळत होती, पण सांगायची कुणाची छाती नव्हती. साडूंचं फिरणं तर वाढतच चाललं. वाऱ्यापावसात डून लेरीच्या धक्क्यावर खेपा घालू लागले. शेजाऱ्यांचं पन्हाळ दुरुस्त करून झालं. स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावून झाली. ती इतकी नीट लावली की ताईला आठवडाभर हळद सापडेना.

शेवटी ताईने क्रूझचं बुकिंग केलं. चौघांचं. ग्रीसची बेटं. "बोटीवर तरी एका जागी बसतील," ती म्हणाली. "पाण्यात जाऊन जाऊन जाणार कुठे?" बहिणीच्या या युक्तीचं माझ्या बायकोने तोंडभर कौतुक केलं. बोट सुटली आणि साडू डेकवर गोल फिरू लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना बोटीचे सगळे जिने, सगळे आचारी आणि 'प्रवेश बंद' लिहिलेली सगळी दारं पाठ झाली होती.

मग नॅक्सॉस आलं. बोट खोल पाण्यात थांबली. छोट्या नावांतून लोकांना किनाऱ्यावर नेणार, तिथे बसमध्ये घालून देवळं दाखवणार आणि परत आणणार, असा बेत होता. त्यासाठी शर्टावर नंबरचा स्टिकर लावायचा होता. साडूंनी स्टिकर हातात घेतला, उलटा करून पाहिला. "मी काय पार्सल आहे?" ते म्हणाले. "चाल रे. आपण आपले जाऊ." दोघी बहिणींना त्या दिवशी बोटीवरच मालिश करून घ्यायचं होतं. ताईने मला बाजूला घेतलं. "यांना वेळेवर परत आण. शेवटची नाव चुकली तर बोट थांबत नाही." तिने मूल सोपवावं तसं सोपवलं, फक्त मूल माझ्यापेक्षा मोठं होतं.

बंदरावरच गावातल्या बसचा थांबा होता. फळ्यावर गावांची नावं ग्रीक लिपीत. मी हताश झालो, साडू खुलले. "अरे, हे तर सगळं आपल्याला येतं! हा पाय, हा थीटा, हा सिग्मा. इंजिनियरिंगचा पेपर आहे नुसता!" ज्या नावात जास्तीत जास्त ओळखीची अक्षरं होती, ती बस त्यांनी निवडली. ती कुठे जाते, हा प्रश्न माझा होता आणि तो फक्त मलाच पडला होता. बस निघाली. आधी बटाट्याची शेतं लागली. आयर्लंडहून निघून बटाटेच बघायला आलो, असं मी पुटपुटलो. मग ऑलिव्हची झाडं, मग वळणं, मग डोंगर. एका गावात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गल्ल्यांना संगमरवराची फरशी, निळी दारं, पारावर बसावेत तसे कॉफी पीत बसलेले म्हातारे. मी म्हटलं, "वा! इथे बसू." एवढं म्हणेपर्यंत साडू गावाच्या पलीकडच्या टोकाला पोचले होते. तिथून एक पायवाट खाली उतरत होती. "खाली वस्ती दिसते आहे," ते म्हणाले. "काय आहे तिथे?" "ते पाहायलाच तर जायचं!"

उतरणीवर शेळ्या, दगडी बांध, ऊन आणि मी. दर वळणावर मी घड्याळ बघत होतो. परतीची बस वर, बोट खाली, आणि आम्ही दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. वस्ती म्हणजे चार घरं, त्यातली तीन बंद. चौथ्याच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली काळ्या कपड्यांतल्या एक आजीबाई बटाटे सोलत होत्या. आमच्याकडे बघून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "रस्ता चुकलात ना? या, या, माइट." ते 'माइट' ऐकून साडू थबकले. 'मेट'चं, म्हणजे दोस्ताचं, 'माइट' फक्त ऑस्ट्रेलियात करतात.

झालं असं होतं की आजीबाई लग्न होऊन मेलबर्नला गेल्या होत्या. जन्मभर नवऱ्याबरोबर तिथे मासे-बटाटे तळायचं दुकान चालवलं. नवरा गेल्यावर त्या परत आल्या, मुलं-नातवंडं तिकडेच राहिली. हे सगळं त्यांनी आम्हाला पाणी देता देता सांगून टाकलं. मग चुलीवर ऑलिव्हचं तेल तापवलं आणि बटाटे सोडले. साडू उभेच होते. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "तुम्ही निघालात तेव्हा तुमचे वडील काय म्हणाले?"

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? अनोळखी बाईला कुणी असं विचारतं? पण आजीबाईंना तो अगदी साधा वाटला असावा. "काही नाही म्हणाले," त्या झाऱ्याने बटाटे हलवत म्हणाल्या. "बंदरावर आलेच नाहीत. आई आली, भाऊ आले, शेजारी आले. मी बोट वळेपर्यंत बघत होते. पुढे कितीतरी वर्षं जगले ते, फोनवर बोलायचे. काय बोलायचे ते आठवत नाही मला. आले नव्हते, तेवढं आठवतं."

"रागावले होते?" मी विचारलं.

"छे. मागाहून आईने सांगितलं, वरच्या त्या टेकडीवर जाऊन बसले होते. बोट दिसेनाशी होईपर्यंत. पण बोटीवरून मला टेकडीवरचा माणूस कसा दिसणार?"

साडू बसले. अंगणाच्या कडेला एक बुटका दगडी ओटा होता, त्यावर बसले, पाय लांब केले आणि पाठ भिंतीला टेकवली. इतक्या वर्षांत या माणसाची पाठ मी कशाला टेकलेली पाहिली नव्हती. आजीबाईंनी ताटली पुढे केली. खरपूस बटाटे, वर किसलेलं चीज. साडूंनी ती मांडीवर घेतली, खाल्लं मात्र नाही.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "बस जाईल."

"थांब नं जरा."

'थांब' हा शब्द त्यांना येतो हे मला त्या दिवशी कळलं. मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. फाटकापर्यंत जायचो, वरच्या गावाकडे बघायचो, परत यायचो. आजीबाईंनी माझ्याकडे बोट करून साडूंना विचारलं, "हा असाच आहे का नेहमी?"

साडूंनी फोन काढला. ते कायम स्पीकर लावून बोलतात, त्यामुळे त्यांच्या घरातलं काहीच आम्हाला खासगी नसतं. पलीकडून ईराचा घाबरलेला आवाज आला, "डॅड? व्हॉट्स राँग? यू मिस्ड द बोट, डिडन्ट यू?"

"अजून नाही," साडू म्हणाले. मग मांडीवरची ताटली त्यांनी ओट्यावर ठेवली. चुलीवर तेल तेवढं चुरचुरत होतं. "तुझं विमान कधी आहे, बेटा?"

तिने सांगितलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी येणार आहे सोडायला," साडू म्हणाले. "एअरपोर्टवर. आतपर्यंत. जिथपर्यंत सोडतील तिथपर्यंत. मी तुला दिसेन, समजलं?"

"बाबा," ती म्हणाली. डॅड नाही म्हणाली. साडूंनी फोन आजीबाईंपुढे धरला आणि "माझी लेक, पर्थला चालली आहे," एवढं सांगितलं. मग आजीबाईंनी फोनकडे वाकून तिला बजावलं की पर्थपेक्षा मेलबर्न चांगलं, पण असू दे.

बस अर्थातच गेली. आजीबाईंनी शेजारच्या मळ्यातून आपल्या पुतण्याला हाक मारली. मोठ्या मिशांचा, पन्नाशीचा गृहस्थ. तो बंदरावर बटाटे पोहोचवायला निघालाच होता. त्याच्या टेम्पोत मागे, पोत्यांवर, आम्ही दोघं. तो वळणं अशी घेत होता की मी डोळे मिटून सगळे स्तोत्रपाठ संपवले आणि पाढे सुरू केले. साडू पोत्याला टेकून शांत बसले होते. बंदरावर पोचलो तेव्हा शेवटच्या नावेचा दोर सोडत होते. मी धावलो. आयुष्यात पहिल्यांदाच साडू माझ्या मागे होते. मोठ्या बोटीच्या कठड्याशी स्टिकर लावलेले लोक आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यामध्ये ताई टाळ्या न वाजवता उभी होती.

"कुठे होतात?" तिने मला विचारलं.

"बसलो होतो."

"तू बसला असशील. हे कुठे होते?"

"हेच बसले होते," मी म्हटलं. तिचा अजूनही त्यावर विश्वास नाही.

ईरा गेली त्या सकाळी साडू एअरपोर्टवर सगळ्यांच्या आधी हजर होते. सिक्युरिटीच्या दारापाशी तिथल्या माणसाने त्यांना हळूच अडवलं, "यू आर ग्रँड देअर, सर. पण याच्या पुढे नाही." साडू त्या रेषेवर उभे राहिले, हात उंच करून. ईरा आत जाताना पुन्हा पुन्हा वळून बघत होती आणि दर वेळी ते तिथेच होते. ती दिसेनाशी झाल्यावरही त्यांचा हात काही वेळ वरच होता.

त्यानंतरच्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. दर रविवारी सकाळी "चाल रे, निघू" म्हणत मला झोपेतून उठवणारा तो फोन न आल्याने मी सुखात असायला हवं होतं. पण माझं सोफ्यावर मन लागेना. बायको म्हणाली, "का येरझाऱ्या घालतोयस?" मी गाडी काढली आणि डून लेरीला गेलो. दार साडूंनीच उघडलं. अंगात घरचा स्वेटर, हातात चहाचा कप.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"माहीत नाही. तुम्ही निघा तर खरं."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग कप ठेवला आणि दारातल्या पायरीवर बसून बूट घालू लागले. नाडी बांधायला त्यांना खूप वेळ लागला. मी घाई केली नाही. समुद्रावरून वारा येत होता, आणि मी दाराशी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होतो.