साडेतीन तासांचं विमान

हे आजवर कुणाजवळ बोलले नाही — अकोल्याच्या सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटतंय, म्हणून सांगते.

राजापेठेत आमचं फुलांचं दुकान. दुकानापुढे कुणी आडवी गाडी लावली, की माझा आवाज पार चौकात जातो. माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही. अशी मी — आणि घाबरले. कशाला घाबरले, तेच सांगायला जीभ वळत नाही बघा.

माझी लेक वैशू शारजाला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण दिवस भरत आलेले, तिला विमानात बसू देईनात. मग मीच जायचं ठरलं. तिकीट आलं, डिंकाच्या लाडवांचा डबा भरला. जावयाने फोनवर समजावलं — नागपूरहून थेट विमान, साडेतीन-पावणेचार तास. अमरावतीहून नागपूरला एसटीने जायला याहून फार कमी लागतं का?

पण खाली समुद्र ना? मधेच उतरते म्हणायची सोय नाही — हेच मनात घोळत राहिलं. मग काय केलं मी? चार दिवस आधी वैशूला फोन करून सांगितलं, बीपी फार वाढलंय, डॉक्टर विमानात बसू नको म्हणतात. बहिणीला तर आणखी तिखटमीठ लावून — "सतरा तास बसून राहा लागते बापा, मी काही जित्ती पोचत नाही!" डॉक्टरकडे मी गेलेच नव्हते.

वैशू म्हणाली, "तू जप आई. माह्यं होते बरोबर."

तिचं सगळं केलं ते शबानाभाभींनी. मूळच्या अचलपूरच्या, शारजात वैशूच्या खालच्या मजल्यावर राहतात. सव्वा महिना रोज वर येऊन त्यांनी माझ्या नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, लेकीची कंबर शेकली, तिला गरम जेवू घातलं. कोण लागत होती त्यांची वैशू? अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले, तरी हे उपकार फिटायचे नाहीत. रोज दिवा लावताना मी त्यांच्या नावाने हात जोडते — खरंच जोडते.

मागच्या उन्हाळ्यात भाभी माहेरी आल्या, तेव्हा वाट वाकडी करून मला भेटायला दुकानात आल्या. त्यांचे दोन्ही हात धरून मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. माझेच डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ताई, कळा येऊन राहिल्या तरी पोरीले तुमचीच काळजी. म्हणे, माह्यं काही होवो, माह्या मायले काही होऊ नये. आता बीपी कसं हाये तुमचं?"

तेव्हा तरी सांगायचं होतं ना?

"गोळ्या चालू हायेत," मी म्हटलं.