दारातले बूट

स्वतःच्या घराची किल्ली खिशात असताना बेल वाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बेल वाजवायचा, मनातल्या मनात दहापर्यंत आकडे म्हणायचा, मग किल्ली फिरवायचा आणि दार वीतभर उघडून जमिनीकडे बघत म्हणायचा, "घाबरू नका, मी आहे."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी म्हटलं की माणूस घाबरेल नाहीतर काय करेल? मी आणि वैशाली तर आधीच घाबरलेल्या होतो. आम्ही दोघी पुण्याजवळ पिरंगुटच्या एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासायचो. कारखान्याजवळ जागा हवी होती. जागा होती ती तात्यांची. तात्या मूळचे जवळच्याच रिहे गावचे, रस्त्याकडेची भातखाचरं बुजवून त्यांनी तीन मजली इमारत उभी केलेली आणि स्वतः तळमजल्यावर मुक्काम ठोकलेला. त्यांचा नियम त्यांनी पायरीवर बसूनच ऐकवला.

"नुसत्या पोरींना जागा देत न्हाई मी. जोखीम हाय. अन् नुसत्या पोरांना तर न्हाईच न्हाई. घरात कोन तरी बाप्या पायजे, कोन तरी बाई पायजे. मंग घर दिसतंय."

वैशालीनं तिथल्या तिथे एक मावसभाऊ जन्माला घातला. तो आणायचा कुठून? आमच्याच कारखान्यात मेंटेनन्सला वाशीमकडचा एक मुलगा होता. बायकांशी बोलताना तो भिंतीकडे बघायचा, एवढीच आम्हाला त्याची माहिती. त्यालाही जागा हवी होती. असा तो आमच्या घरी राहायला आला. तात्यांसमोर मावसभाऊ, प्रत्यक्षात पूर्ण परका.

आणि माझ्या घरी? माझ्या घरी मी सांगितलं होतं की आम्ही दोघीच राहतो. माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. त्यांनी मला परभणीहून इतक्या लांब पाठवलं ते भावकीशी भांडून. घरात पुरुष राहतो असं त्यांच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी परभणीच्या गाडीत आणि चार महिन्यांत बोहल्यावर. नोकरी संपली, पुण्याचं नाव संपलं. ही भीती माझ्या पोटात कायमची बसलेली होती. फोन वाजला की मी आधी घरात त्याचा आवाज येतोय का ते बघायची.

पहिला महिना तर विचारूच नका. आम्ही खोलीला आतून कडी लावून दाराला कपाट टेकवायचो. उशीखाली मिरचीपुडीची पिशवी. पहाटे न्हाणीघरातून खर्र खर्र असा आवाज यायचा. वैशाली म्हणाली, "तो सुरी पाजळतोय." आम्ही दोघी पांघरुणात एकमेकींचा हात धरून बसायचो. तिसऱ्या आठवड्यात कळलं, की तो अंघोळ झाल्यावर तारेच्या ब्रशनं अख्खं न्हाणीघर घासून काढत होता. आपण तिथं होतो याची खूणसुद्धा मागे राहू नये म्हणून.

तो आम्हाला आमच्याहून जास्त घाबरतो, हे लक्षात यायला मात्र वेळ लागला. त्याचे कपडे आमच्या नजरेला पडू नयेत म्हणून तो ते खोलीत पंख्याखाली वाळवायचा. आमचे त्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून आम्हीही तेच करायचो. गॅलरीतली दोरी महिनोन्‌महिने रिकामी. एक दिवस तात्यांनी खालूनच विचारलं, "काय ओ, तुमी कापडं धुताय का न्हाई?"

मग तो रविवार आला. सकाळी उठलो तर त्याचे बूट दारात. कारखान्याचे, काळे, पुढे लोखंडी टोपी असलेले, दहा नंबरचे. खोलीचं दार बंद, फटीतून दिव्याचा उजेड. पण आवाज काही नाही. ना बादलीचा, ना खोकल्याचा. नऊ वाजले, अकरा वाजले. हा आत बसून करतोय काय? आम्ही कडी लावून बसलो. दुपार झाली तशी भीतीनं कूस बदलली. तो काही करेल ही भीती गेली आणि त्यालाच काही झालं असेल ही आली. वैशाली रडायला लागली. शेवटी मी तात्यांना हाक मारली.

तात्या जादाची किल्ली घेऊन वर आले. दार ठोठावत म्हणाले, "आरं मर्दा, उघड की. ह्या पोरी मरायच्या हितं."

मग त्यांनी किल्ली फिरवली. आत कुणी नव्हतं. गादीची घडी, त्यावर उशी, छताला पेटलेला दिवा. तात्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की भीती परवडली.

चिठ्ठी संध्याकाळी सापडली, पिठाच्या डब्यात. दोघींचा शनिवारचा उपास आणि रविवारी जीव मुठीत, म्हणून तो डबा कुणी उघडलाच नव्हता. आमच्या दारावर टकटक करून सांगायची त्याला भीती वाटली होती. बारीक अक्षरात लिहिलं होतं: "आईला बघायला गावी जातोय. जुने बूट दारात ठेवलेत, दिवा चालू ठेवलाय. दारात पुरुषाचे बूट दिसले की कुणी उगाच कडी वाजवत नाही. घाबरू नका, मी आहे."

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला स्वतःची लाज वाटली. मिरचीपुडी दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीत गेली. तो परत आला, बेल वाजवली, दहापर्यंत मोजलं आणि दारातूनच विचारलं, "माझं काही चुकलं का?" तात्या त्याला खाली काय बोलले असतील देव जाणे. तेव्हापासून जुने बूट दारातच राहिले.

खरा घाम मात्र मला पुढे फुटायचा होता. एका बुधवारी वैशाली पहिल्या पाळीला गेलेली, मी दुसऱ्या पाळीची, आणि हा सुट्टीचा म्हणून ओट्याखालचा गळका नळ दुरुस्त करत बसलेला. फोन वाजला. अण्णा. "पिरंगुटला उतरलोय. चौकात विचारलं, एक जण घरापर्यंत सोडायला आलाय." मी त्याला सांगेपर्यंत बेल वाजली. आणि हा भला माणूस, बेल म्हटली की दार उघडायचं या हिशेबानं, पाना हातात घेऊन दार उघडून मोकळा.

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हातातला पाना पाहिला. "प्लंबर का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता यायचं नाही. मला येत होतं. "हो अण्णा," मी म्हटलं, "आजच मिळाला."

प्लंबर मिळणं किती अवघड, हे अण्णांना ठाऊक. त्यांनी खुर्ची ओढली. "आलाच आहात तर न्हाणीघराचा पण बघा." त्यानं न्हाणीघराचा चांगला नळ उघडला, आतला चांगला वायसर काढला, त्याच्याकडे काळजीनं बघितलं आणि परत बसवला. मग बेसिनचा. मग संडासाचा. अण्णा प्रत्येक ठिकाणी मागे उभे. मधेच सहज त्याचं नाव-गाव विचारलं. त्यानं खरं नाव सांगितलं, दुसरं कुठलं त्याला सुचणार?

दीड वाजला. अण्णा म्हणाले, "उपाशी कुठं जाता? बसा माझ्यासोबत." मी पानं वाढली. अण्णांना जाड, मोठं ताट आवडतं म्हणून रॅकमधलं मोठं ताट त्यांच्यापुढे ठेवलं, वर पोळी घातली. मग त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. ते ताट त्याचं होतं. नोकरी लागली तेव्हा त्याच्या आईनं दिलेलं. भांड्यावर नाव घालतात तसं त्यावर टिपक्याटिपक्यांनी त्याचं अख्खं नाव कोरलेलं, खाली वाशीम.

नाव पोळीखाली होतं. अण्णांनी पोळी मोडली. मी घाईनं दुसरी वाढली. ती सरली, तिसरी वाढली. अण्णा नको म्हणत होते, मी आग्रह करत होते. समोर प्लंबर घास हातात धरून तसाच बसला होता. चौथ्या पोळीला अण्णांनी ताटावर हात आडवा धरला. "पुरे आता. किती चारशील?"

मग भात खाल्ला, ताक प्यायले, बोटानं ताट निपटून काढलं. ताटाकडे थोडा वेळ बघत राहिले. चष्मा खिशात होता, म्हणून मी देवाचे आभार मानले.

निघताना दारात थांबले. "हे बूट तुमचे?"

"हो," तो म्हणाला.

"असू द्या इथंच," एवढं म्हणून अण्णा जिना उतरले.

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. पाऊसपाणी, आईचे गुडघे सगळं झालं, आणि मग सहज विचारावं तसं म्हणाले, "प्लंबर काय म्हणतोय? आहे ना घरात?"

मी म्हटलं, "अण्णा..."

"तेहतीस वर्षं गाडीत डोकी मोजली बाई मी. ताट वाचायला चष्मा कशाला लागतो? दोघींच्या घरात टॉवेल तीन, ब्रश तीन." मग म्हणाले, "पोरगं जेवताना तुझ्याहून जास्त भेदरलं होतं. असं माणूस घरात असलेलं बरं. आईला सांगू नको."

त्या दिवशी मी खूप रडले. आनंदानं की सुटल्यासारखं वाटलं म्हणून, ठाऊक नाही.

तीन वर्षं तो आमच्यासोबत राहिला. या चैत्रात आईचं दुखणं वाढलं म्हणून त्यानं अकोल्याला नोकरी धरली. निघायच्या सकाळी आमच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच. बॅग खांद्याला, ताट बहुतेक बॅगेत. भिंतीकडे बघत म्हणाला, "बूट ठेवून जातोय. तुम्ही घाबरू नका, मी..." आणि तिथंच अडला. खोटं त्याला कधीच बोलता आलं नाही. मान हलवली आणि नवे बूट घालून गेला.

मागच्या महिन्यात वैशालीही बावधनला राहायला गेली, तिचं नवं ऑफिस तिकडं आहे. दुसरी मुलगी यायची आहे. तोवर मी एकटी, अण्णांना न सांगता. संध्याकाळी केर काढते तेव्हा ते बूट पुसते, नाड्या सैल करून ठेवते, आत्ताच कुणी सोडल्यासारख्या.

काल दिवेलागणीला अण्णांचा फोन आला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तात्यांची नव्हेत, ती मला ओळखू येतात. वर आली आणि माझ्या दाराशी थांबली. मी फोन कानाला धरून उभीच राहिले.

"प्लंबर आहे ना घरात?" अण्णा विचारत होते.

बाहेर कुणीतरी उभं होतं. मग पावलं हलली आणि वरच्या मजल्यावर गेली.

"आहे," मी म्हटलं.